आर्थिक सामर्थ्य आणि महासत्तापद

आपल्या सीमांपलीकडे, दूरच्या प्रदेशांतही आपले धोरण अमलात आणू शकणाऱ्या राष्ट्राला महासत्ता म्हणतात. ही क्षमता मुख्यतः उत्पादन, व्यापार, करव्यवस्था आणि पत यांवर उभी असते. मात्र संपत्ती केवळ मोठी असून भागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी चीनची अर्थव्यवस्था जगात सर्वांत मोठी होती, असे आर्थिक इतिहासकारांचे अनुमान आहे. तरीही पहिल्या अफू युद्धात (१८३९–४२) चीनला ब्रिटनपुढे हार पत्करावी लागली. त्याआधी सोळाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतील पोटोसीच्या खाणींतली चांदी स्पेनकडे वाहत होती, पण ती युद्धखर्चात व सावकारांच्या व्याजात जिरली आणि दुसऱ्या फिलिपच्या राजवटीत १५५७, १५७५ व १५९६ मध्ये राजकोशाने देणी थकवली. म्हणूनच संपत्तीचे सत्तेत रूपांतर कसे होते, हा या विषयातील कळीचा प्रश्न ठरतो.

ब्रिटनने त्याचे उत्तर सार्वजनिक कर्जात शोधले. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने मिळवून देण्याकरिता १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. व्याजाची तरतूद जहाजांच्या मालवाहू क्षमतेवरील व बिअरसारख्या मद्यांवरील करांतून केली होती आणि या करांना संसदेची मंजुरी होती, त्यामुळे कर्ज देणाऱ्यांना राजाच्या लहरीची धास्ती उरली नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी कर्जाचा दर सुमारे ३ टक्क्यांवर आला. लोकसंख्येने फ्रान्सहून बराच लहान असलेला हा देश बलाढ्य आरमार पोसू शकला, तो या स्वस्त पैशाच्या बळावर. औद्योगिक क्रांतीचा लाभ त्यानंतरचा. फ्रान्समध्ये मात्र थकलेल्या राजकोशातूनच १७८९ च्या राज्यक्रांतीची वाट मोकळी झाली.

आर्थिक आघाडी आणि राजकीय वर्चस्व एकाच वेळी येत नाहीत. औद्योगिक उत्पादनात अमेरिका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ब्रिटनच्या पुढे गेली होती, पण जागतिक व्यवस्थेचे सुकाणू तिच्या हाती आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय चलनविषयक परिषदेत डॉलरची सोन्याशी, एका औंसाला ३५ डॉलर या दराने, सांगड घालून इतर चलने डॉलरशी जोडण्यात आली. या व्यवस्थेची धार १९५६ च्या सुएझ संकटात दिसली. ब्रिटन, फ्रान्स व इस्राएल यांनी इजिप्तवर हल्ला चढवला. लष्करी मोहीम पुढे सरकत होती, पण पौंडावर दबाव येऊन ब्रिटनची गंगाजळी (परकीय चलन व सोन्याचा साठा) आटू लागली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत मिळण्यात अमेरिकेने अडसर घातला आणि ब्रिटनला माघार घ्यावी लागली. एका मित्रराष्ट्राने गोळी न झाडता साधलेला हा परिणाम सैन्यबळाइतकाच निर्णायक होता.

सोव्हिएट संघाची स्थिती नेमकी उलटी होती: अण्वस्त्रांत तो अमेरिकेच्या तोडीचा होता, पण तुलनेने लहान अर्थव्यवस्थेला संरक्षणखर्चाचा भार पेलवला नाही, आणि १९९१ मध्ये झालेल्या विघटनामागे राजकीय कारणांइतकीच ही ओढाताणही होती. चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि २०१० मध्ये जपानला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था बनला. तथापि भांडवलाच्या ये-जा करण्यावर चीन सरकारचे नियंत्रण असल्याने युआनला (चीनच्या चलनाला) डॉलरची जागा घेता आलेली नाही, आणि जगातील मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीत सर्वांत मोठा वाटा अद्याप डॉलरचाच आहे.