पुरानंतर गावची शाळा: गोव्यातली पार्श्वभूमी

गोव्यात पुराची बातमी होते ती घरांची, पुलांची आणि कुळागरांची, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांची. शाळेचं नाव त्यात आलंच तर निवाऱ्याची जागा म्हणून येतं: अमुक कुटुंबांना शाळेत हलवलं, एवढंच. पाणी शाळेतच शिरलं असेल तर पुढे तिचं काय झालं, हे विचारायला सहसा कोणी परत जात नाही. यात कोणाचा दुष्टावा नाही. शाळा नेमकी कोणाची, या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत बदलत गेलं, आणि पुराच्या दुसऱ्या दिवशी मदत कुठून येते हे त्या उत्तरावर ठरतं.

आधी पुरांबद्दल. २३ जुलै २०२१ रोजी घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळला आणि म्हादई, रगाडा, खांडेपार या नद्या एकदमच फुगल्या. सत्तरीत पैकुळचा पूल कोसळला, तर दूधसागरच्या घाटात दरड येऊन रेल्वेचे डबे घसरले. राज्यभरात हजाराच्या आसपास घरांचं नुकसान झालं. १९८२ नंतरचा हा सर्वांत भीषण पूर, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. काणकोणकरांना मात्र २ ऑक्टोबर २००९ आठवतो. पैंगीण, भाटपाल भागात काही तासांच्या पावसाने डोंगर खाली आले, घरं वाहून गेली, माणसं दगावली. गांधी जयंतीची सुट्टी असल्यामुळे त्या दिवशी वर्ग भरले नव्हते.

डिचोली तालुक्यातल्या साळचा पूर वेगळ्या जातीचा. तिथे पाणी तिळारी धरणाकडून, शापोरा नदीतून येतं. धरण दोडामार्गात, प्रकल्प गोवा आणि महाराष्ट्राचा मिळून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये विसर्गामुळे नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला. हा फरक शाळेच्या दृष्टीने मोठा आहे. धरणाचं पाणी सोडण्याआधी निरोप येऊ शकतो; निदान रजिस्टरं आणि कॉम्प्युटर उंचावर ठेवता येतात. घाटातला लोंढा निरोप देत नाही. तो लवकर ओसरतो, पण वर्गात गुडघाभर चिखल ठेवून जातो.

आता शाळेकडे येऊ. पोर्तुगीज अमलात मराठी शिकायचं तर देवळाच्या मंडपात किंवा कोणाच्या तरी ओसरीवर. मास्तरांचं जेवणखाण गाव पाहायचा. पणजीत १९०८ मध्ये मुष्टिफंड संस्था उभी राहिली ती घरोघरी बाजूला काढलेल्या मूठ मूठ तांदळावर. १९११ मध्ये फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ निघालं. पोर्तुगालमध्ये १९१० ला प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंच्या संस्थांना थोडी मोकळीक मिळाली होती, तिचा फायदा झाला. सरकारचा पैसा नव्हता, पण शाळा गावाची होती. कौलं फुटली तर गावानेच बघायचं.

मुक्तीनंतर चित्र पालटलं. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात, म्हणजे १९६३ पासून पुढच्या दहा वर्षांत, वाड्यावाड्यांवर सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक मराठी माध्यमाच्या होत्या. सत्तरी, पेडणे, डिचोलीतल्या कष्टकऱ्यांची मुलं पहिल्यांदा पाटी घेऊन बसली ती याच शाळांत. हे काम एवढं मोठं आहे की त्याची एक बाजू सहसा बोलली जात नाही: शाळा खात्याची झाली. गळती झाली तर अर्ज, भिंत पडली तर अर्ज. खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधांचंही काहीसं असंच झालं. पूर्वी बांध फुटला की गावकरी, म्हणजे गावची जमीन सांभाळणारी जुनी संस्था, माणसं लावायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कूळ संघटनांकडे गेलं आणि पुष्कळ ठिकाणी रखडलं.

पुरानंतर ही गोष्ट नेमकी आडवी येते. घर पडलं की तलाठी येतो, पंचनामा करतो, घरमालक मामलेदार कचेरीत खेपा घालतो. सरकारी शाळेला असा खेपा घालणारा मालकच नाही. मुख्याध्यापकांनी भागशिक्षणाधिकाऱ्यांना लिहायचं, त्यांनी वर पाठवायचं, मग बांधकाम. अनुदानित शाळांचा पेच आणखी निराळा. शिक्षकांचा पगार सरकार देतं, इमारत मात्र संस्थेची. राज्य आपत्ती निधीच्या २०१५ ते २०२० च्या निकषांत पडझड झालेल्या प्राथमिक शाळेच्या दुरुस्तीला दीड लाखापर्यंत तरतूद होती. त्यावरच्या वर्गांच्या शाळांना ती लागू नव्हती. म्हणजे हायस्कुलाची लाकडी बाकं फुगली, प्रयोगशाळा चिखलात गेली, तर संस्थेने देणगीदार शोधायचे.

बाकं मिळतात, पंखे मिळतात. खरी अडचण कपाटातल्या रजिस्टरांची असते. गोव्यात पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागला की माणूस शाळेत येतो. जन्मतारखेचा घोळ निस्तरायला आजोबासुद्धा येतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या नोंदी दौतीच्या शाईने केलेल्या आहेत. पाणी लागलं की ती शाई पसरते, पानं एकमेकांना चिकटतात. ती ओढून सोडवायची नसतात. जमतील तिथे मध्ये कोरे कागद घालून, दर काही तासांनी बदलून, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवायची असतात. जुलैत ऊन नाही, पुरानंतर वीजही नाही, आणि दोन दिवसांत बुरशी धरते. पहिल्या चोवीस तासांत शाळेला झाडूइतकीच एका जनरेटरची गरज असते. मदत गोळा करणाऱ्यांच्या यादीत हे मी तरी कधी पाहिलेलं नाही.

२०२१ मध्ये तर शाळाच घरात होती. कोविडमुळे वर्ग बंद, धडे मोबाईलवर, तोही बऱ्याच घरांत भावंडांत मिळून एक. घरात पाणी शिरलं तेव्हा वह्या-पुस्तकांबरोबर तो मोबाईलही भिजला. तांदूळ, चादरी, भांडी लगेच येतात आणि यायलाच हवीत. चौथीचं गणिताचं पुस्तक कोणी आणत नाही. खात्याकडून मिळणारी पुस्तकं पटाच्या हिशेबाने येतात, जादा गठ्ठा पडून नसतो. पुढच्या महिन्या-दीड महिन्यावर चवथ. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, मातीचा गणपती, नवे कपडे आणि पडलेली भिंत, एवढ्या खर्चात मोबाईलचा नंबर कितवा लागणार?

जेवणाचंही तसंच. गोव्यात माध्यान्ह आहार बहुतेक शाळांत शिजत नाही. महिलांचे स्वयंसाहाय्य गट पावभाजी वगैरे करून पोचवतात. रस्ता तुटला की आहार तुटतो, आणि ज्या बायका रांधतात त्यांच्याही चुली त्याच पाण्यात असतात. गटाला आधी शेगडी आणि सिलिंडर दिला तर मुलांचं जेवणही सुरू होतं, त्या घरांची मिळकतही. मदतीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी सुचणारा मार्ग हाच, असं माझं मत आहे.

कायद्याने शाळा थोडीफार गावाकडे परत आली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचं काम. नदीकाठच्या शाळेच्या आराखड्यात कपाट कोणत्या उंचीवर हवं, किल्ली वाड्यावर कोणाकडे राहील, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. पण अनेक समित्यांच्या सभा सह्यांपुरत्या होतात, हेही तितकंच खरं.

हे निकडीचं आहे ते पटसंख्येमुळे. सत्तरीत, डिचोलीत पंधरा-वीस मुलांच्या, एकशिक्षकी शाळा आहेत, आणि कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळेत विलीन करायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. पुरानंतर वर्ग महिनाभर देवळात किंवा पंचायत घरात भरले, तर हातात थोडा पैसा असलेले पालक मुलांना बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसवून वाळपईच्या किंवा साखळीच्या शाळेत घालतात. त्यांना दोष देता येत नाही. पण पंधरातली चार मुलं गेली की पुढच्या जूनमध्ये दुरुस्तीच्या फाईलवर पहिला शेरा पटाचा पडतो.