घरगुती सौना : स्वच्छता व निगा

सौना म्हणजे तापवलेल्या दगडांवर पाणी ओतून घाम काढण्याची फिनलंडमधील लाकडी खोली. फिनिश उच्चार ‘साउना’. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या या देशात सौनांची संख्या तीस लाखांच्या घरात आहे. तळ्याकाठच्या उन्हाळी घरांत त्या असतात, तशा शहरी फ्लॅटमध्ये न्हाणीघराला लागूनही असतात. २०२० मध्ये युनेस्कोने फिनिश सौना संस्कृतीची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. शनिवारची सौना हा तिथला जुना रिवाज. आठवड्याला इतके पाणी, वाफ आणि घाम पोटात घेणारी खोली टिकवायची, तर तिची निगाही तितकीच नियमित राखावी लागते.

एवढ्या उष्णतेत जंतू कसले राहतात, असे अनेकांना वाटते. हा समज फसवा आहे. वरच्या बाकावर बसलेल्याच्या डोक्यापाशी ८०–९० अंश सेल्सिअस तापमान असले, तरी जमिनीलगतची हवा बरीच थंड असते. ओघळलेले पाणी, साबण आणि घाम नेमके तिथेच साचतात. बुरशी धरते ती बाकांच्या खालच्या अंगाला, भिंतीच्या तळाशी आणि पायाखालच्या लाकडी जाळीला. म्हणून निगेतला पहिला नियम धुण्याचा नसून वाळवण्याचा आहे. शेवटचा माणूस बाहेर पडला, की बाकांवर पाणी मारतात, जाळी उचलून भिंतीला टेकवतात, हवेचा झरोका उघडतात आणि भट्टीची धग आणखी थोडा वेळ राहू देतात. लोकसमजुतीप्रमाणे शेवटची वाफ सौनाच्या रक्षक बुटक्यासाठी, ‘साउनातोन्त्तु’साठी, सोडायची असते. बुटक्याचे माहीत नाही, पण लाकडाला मागे उरलेली धग नक्की मानवते.

बाक अ‍ॅस्पेन किंवा अल्डरसारख्या पानझडी झाडांच्या लाकडाचे करतात. त्यांत राळ नसते आणि ते अंगाला चटका देत नाहीत. पाइनच्या गाठींतून गरम राळ पाझरते, म्हणून बसायच्या फळीला ते टाळतात. स्क्रूही खालच्या बाजूने मारतात, कारण तापलेले लोखंडी डोके मांडीला लागले तर डाग पडतो. बाकावर उघड्या अंगाने न बसता कापडी आसन अंथरतात. हा शिष्टाचार आहेच, पण घामातले मीठ आणि तेल लाकडात मुरू नये हाही त्यामागचा हेतू असतो. तरीही फळ्या हळूहळू काळवंडतात. दर काही महिन्यांनी थंड सौनात सौम्य साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन फळी रेषांच्या दिशेने घासतात. पाइनच्या तेलापासून केलेला ‘मँत्यूसुओपा’ हा साबण यासाठी घरोघरी वापरतात. जोराच्या फवाऱ्याने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि फळी बोचू लागते. अशी फळी पॉलिशपेपरने हलके घासून सारखी करतात. व्हार्निश मात्र कधीच लावत नाहीत, ते तापून वास सोडते. त्याऐवजी पॅराफिन तेलाचा पातळ हात फिरवून जादाचे पुसून घेतात.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे भट्टीतले दगड. भट्टीला ‘किउआस’ म्हणतात आणि दगडांवरून उठणाऱ्या वाफेला ‘ल्योयल्यू’. ऑलिव्हिन डायबेस किंवा पेरिडोटाइट यांसारखे कठीण दगडसुद्धा तापणे आणि अचानक गार होणे सोसून तडकतात. त्यांचा चुरा खाली साचतो आणि हवेची वाट बुजते. मग विजेच्या भट्टीची कॉइल प्रमाणाबाहेर तापून निकामी होते. वर्षातून एकदा सगळे दगड बाहेर काढतात, धुतात आणि हाताने दाबताच भुगा होणारे टाकून देतात. परत रचताना मोठे तळाशी, लहान वर. मध्ये फटी सोडतात आणि कॉइल झाकलेली राहील असे पाहतात. काही घरांत वर्षानुवर्षे दगडाला हात लागत नाही आणि तक्रार मात्र ‘पूर्वीसारखी वाफ येत नाही’ अशी असते. नदीकाठचे दिसतील ते गोटे आणून भरणे धोक्याचे, तापल्यावर काही फुटून उडतात.

दगडांवर ओतायचे पाणी पिण्याजोगे स्वच्छ असावे. समुद्राचे पाणी भट्टी गंजवते, लोहयुक्त विहिरीचे डाग पाडते आणि जड पाण्याने दगडांवर पांढरा थर चढतो. लाकडी बादलीचे तंत्र जरा उलटे आहे. बाक कोरडे हवेत, पण बादली पार सुकली तर तिच्या फळ्या आकसून ती गळू लागते. म्हणून ती गरम खोलीत सोडत नाहीत. अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्यांची पाने त्याच रात्री वेचतात, नाहीतर ती फळीला चिकटतात आणि मोरीत तुंबतात. सौना बरेच दिवस बंद राहिली, तर नहाणी ट्रॅपमधले (मोरीखालच्या, वास अडवणाऱ्या सापळ्यातले) पाणी आटून गटाराचा वास येतो. त्यावर एक तांब्या पाणी ओतणे पुरते.

जुन्या धुरी सौनाला, ‘साव्हुसाउना’ला, धुराडे नसते. तिच्या भिंती काजळीने काळ्या झालेल्या असतात आणि तशाच ठेवतात, धुतात ते फक्त बाक. बाकी लाकूडभट्टीच्या सौनांचे धुराडे साफ करायला ‘नुओहोओया’ हा व्यावसायिक येतो. विजेच्या भट्टीला धुराडे नाही, पण तिच्यावर दोरी बांधून कपडे वाळत घालण्याची सवय हे सौनांना आग लागण्याचे एक नेहमीचे कारण आहे.