घट्ट झाकणाची बाटली

‘दोन रसायनं एकत्र ओतली, पाच मिनिटं थांबलो, काही झालं नाही, म्हणजे चालतं!’ हा समज चांगल्या हुशार विद्यार्थ्यांच्याही डोक्यात पक्का बसलेला असतो. नायट्रिक आम्लाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

अडीच लिटरची तपकिरी काचेची बाटली घ्या. लेबल अर्धं सोललेलं, तळाशी पेलाभर अल्कोहोल उरलेलं. संध्याकाळी घाईत कुणीतरी वापरलेलं नायट्रिक आम्ल त्यातच ओततं, झाकण घट्ट पिळतं आणि घरी जातं. ना बुडबुडे, ना धूर. काही तासांनी बाटली फुटते.

मधल्या वेळात जे चालतं ते मला विलक्षण वाटतं. नायट्रिक आम्ल अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण करतं, पण सुरुवातीला फार सावकाश. त्यात थोडं नायट्रस आम्ल तयार होतं. ते नायट्रिक आम्लाशी मिळून नायट्रोजन डायऑक्साइड बनवतं, आणि हा पठ्ठ्या अल्कोहोलवर कितीतरी जोमाने तुटून पडतो. त्यातून पुन्हा नायट्रस आम्लच निघतं: ढोबळमानाने एका रेणूचे दोन, दोनाचे चार. अभिक्रिया स्वतःचा उत्प्रेरक, म्हणजे तिचा वेग वाढवणारा पदार्थ, स्वतःच वाढवत नेते. याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. त्यात उष्णतेची भर. तापमान १० अंशांनी चढलं की बहुतेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. उष्णता द्रवाच्या कणाकणात तयार होते, बाहेर पडते ती फक्त पृष्ठभागावरून; म्हणून परीक्षानळीत जे निभावतं ते मोठ्या बाटलीत निभावत नाही. शेवटी या सगळ्यातून निघणारा वायू. खोलीच्या तापमानालाही एक मोल (रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) वायूला सुमारे २४ लिटर जागा लागते; आपली बंद बाटली अडीच लिटरची.

पोलादाची सूक्ष्मरचना पाहायला धातुशास्त्राच्या प्रयोगशाळांत नायटल लागतं, म्हणजे इथेनॉलमध्ये २ ते ५ टक्के नायट्रिक आम्ल. जोडी हीच. पण आम्ल विरळ असतं, लागेल तेवढंच बनवायचं असतं आणि घट्ट बंद करून ठेवायचं नसतं.

अपघातानंतर ‘ग्रहदशाच वाईट होती’ म्हणणारी माणसं शिकलेली असतात, याचं मला फार वाईट वाटतं. बाटलीवर धड लेबल नव्हतं, त्यात ग्रहांचा काय संबंध?

नायट्रिक आम्लाच्या टाकाऊ द्रवाला वेगळी, स्वच्छ धुतलेली बाटली हवी. अल्कोहोल किंवा ॲसिटोनची जुनी बाटली नको. झाकण वायू बाहेर सोडणारं हवं. तपकिरी काचेतून आतला नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी वायू धड दिसतही नाही. बाटली गरम लागली किंवा झाकणापाशी फुसफुस ऐकू आली, तर ते उघडायला जाऊ नका. खोलीतल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.