बावीस तास आणि सराफा

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूचा (तळलेल्या कंदाचा) दोना हातात आला की माझी भाची भिंतीकडे तोंड करते, दातांवरची पारदर्शक खोळ काढते आणि डबीत टाकते. एकदा डबी घरी राहिली. खोळ कागदात गुंडाळली आणि तो कागद उष्ट्या दोन्याबरोबर कचरापेटीत गेला. इंदुरात कचरा पेटीत पडला की गेलाच, स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर उगाच आला नाही!

ही खोळ म्हणजे अलाइनर, वाकडे दात हळूहळू सरळ करणारी. १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी कंपनी काढली.

दात हाडात सिमेंटनं बसवल्यासारखा नसतो. मुळाभोवती सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं. प्रत्येक खोळ दाताच्या आजच्या जागेहून साधारण पाव मिलिमीटर पुढच्या जागेसाठी घडवतात. ती घातली की एका बाजूचं अस्तर दबतं आणि तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात. ताणलेल्या बाजूला नवं हाड तयार होतं. म्हणजे हाडातला खड्डाच हळूहळू सरकतो, दात त्याच्याबरोबर जातो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढची खोळ.

हे सगळं दाब टिकला तरच. तारांच्या ब्रेसेस चिकटवलेल्या असतात. शाळा असो की सराफा, त्या ढकलतच राहतात. खोळ डबीत गेली की काम बंद. म्हणून दिवसाचे २० ते २२ तास ती तोंडात हवी. उरलेल्या दोन-चार तासांत पोहे-जिलबी, दोन जेवणं, चारचा चहा आणि दात घासणं बसवून दाखवा! खोळीसकट चहा नको: गरम चहानं प्लास्टिक वाकतं, डाग पडतात आणि आत लाळ फिरत नसल्यानं साखर दातालाच चिकटून राहते.

गोलसर सुळा फिरवायचा असेल तर गुळगुळीत प्लास्टिकला पकड मिळत नाही. मग दातावर त्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात. दात काढून झालेली मोठी फट बुजवायची असेल, तर मी तरी तारच निवडेन.

हरवली ती सातवी खोळ. ताईनं त्याच रात्री डेंटिस्टना फोन लावला. "सहावी ठेवलीय ना? तीच घालू दे, दात मागे यायला नकोत." सहावी कपाटात सापडली. भाचीनं ती बोटानं दाबून बसवली आणि कळवळली, "मावशी, ही घट्ट होतेय गं!" पाच दिवसांत दात तेवढे पुढे गेले होते.