मनोविकारतज्ज्ञ (बेळगाव सीमाभाग)

मनाच्या आजारांचे निदान करून त्यांवर औषधोपचार करणारा डॉक्टर. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी बोलण्यात 'डोक्याचे डॉक्टर', तेही दबक्या आवाजात. प्रत्यक्षात तो हाडांच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरसारखाच डॉक्टर असतो: आधी एमबीबीएस, मग मनोविकारशास्त्रातील तीन वर्षांचे एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांची डीपीएम पदविका. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द मराठीत त्याच्यासाठीही वापरतात आणि मानसशास्त्रज्ञासाठीही, त्यातून लोकांचा घोटाळा होतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्णांसोबत काम करणारा मानसशास्त्रज्ञ, चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते आणि तो गोळ्या लिहून देत नाही. फिट, लकवा, कंपवात यांसाठी जायचे ते न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे.

पहिल्या भेटीतला बहुतेक वेळ प्रश्नांत जातो. झोप कधी लागते, पहाटे किती वाजता जाग येते, जेवण जाते का, कामाला हात लागतो का, कुणी नसताना आवाज ऐकू येतात का, दारू किती, घराण्यात कुणाला असे झाले होते का. सोबतच्या माणसालाही विचारतात. थायरॉइड कमी पडले तरी माणूस नैराश्य आल्यासारखा मंदावतो, म्हणून रक्त तपासायला सांगतात.

सीमाभागात खरी अडचण इथेच येते. एक्स-रेला भाषा लागत नाही, या तपासणीला लागते. खानापूरकडची बाई 'मला उदास वाटते' असे सहसा म्हणत नाही. 'जीव घाबरतोय, पोटात गोळा उठतोय, कशात म्हणून मन लागत नाही,' असे ती सांगते. सोबतच्या शाळकरी मुलाने ते कन्नडमध्ये 'पोट दुखतंय' एवढेच करून सांगितले, तर ती पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी परतते आणि आजार होता तिथेच राहतो. म्हणून वेळ ठरवतानाच डॉक्टरांना मराठी येते का, हे विचारावे. त्यात संकोच कसला? बेळगाव शहरात मराठी समजणारे डॉक्टर मिळतात. लहान मुलाला दुभाषा करू नये, आईचे असले दुःख त्याच्या तोंडून वदवून घेणे बरे नव्हे. त्यापेक्षा आठ दिवसांची झोप आणि त्रास तिच्याच शब्दांत वहीत लिहून न्यावा.

सरकारी उपचारांसाठी बेळगावचे सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजेच बिम्स, जवळचे. १९६३ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या केएलई रुग्णालयातही हा विभाग आहे. तालुका रुग्णालयांत कर्नाटक सरकारच्या 'मनोचैतन्य' योजनेखाली मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. कोणत्या मंगळवारी, ते आधी विचारून जावे. गंभीर रुग्णाला धारवाडच्या 'डिमहान्स'मध्ये पाठवतात. हे १८४५ पासूनचे जुने मनोरुग्णालय, 'धारवाडला नेले' म्हटले की अजूनही घरचे आवाज खाली करतात. निपाणीकरांना कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय सोयीचे पडते. डॉक्टरची नोंदणी कर्नाटकात राज्य वैद्यकीय परिषदेकडे पाहता येते.

चिठ्ठीवर '०–०–१' असेल तर रात्री एक गोळी. 'सगळ्या झोपेच्याच गोळ्या, सवय लागते' हा समज फार नुकसान करतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमके त्याआधीच 'काही फरक नाही' म्हणून त्या बंद केल्या जातात. त्या एकदम तोडू नयेत. सवय लागू शकते ती अल्प्राझोलामसारख्या, घाबरेपणा कमी करणाऱ्या गोळ्यांची, जुनी चिठ्ठी दाखवून मनानेच घेत राहिल्यास. लिथियम हे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध चालू असेल तर ठरावीक काळाने त्याचे रक्तातले प्रमाण तपासावेच लागते.

बाधा झाली, करणी केली म्हणून नरसोबाची वाडी किंवा गाणगापूर गाठणारी घरे इथे पुष्कळ आहेत. दत्ताच्या दारी जरूर जावे. गोळ्यांची डबी मात्र पिशवीत असावी आणि वेळेवर उघडावी. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने निषिद्ध आहे, मग ते देवस्थान असो की दवाखाना. याच कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे.

पिकावरचे औषध प्यायलेल्या माणसाला आधी तातडीच्या विभागात न्यावे, बाटली सोबत घ्यावी. केस होईल या भीतीने 'चुकून प्याला' असे सांगितले जाते, आणि मग मनावरचा उपचार राहूनच जातो. २०१७ च्याच कायद्याचे कलम ११५ जीव देऊ पाहणाऱ्या माणसाला तीव्र ताणाखालचा समजते. तसे नसल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा होत नाही, उलट त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरते. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावेसे वाटले तर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य मिळते. तिथे भाषा निवडता येते. कन्नड आहे, तशी मराठीही आहे.