पेव, पाला आणि उडून जाणारं तेल

तुरीला भुंगा शेतातच लागतो. शेंगा वाळायला लागल्या की मादी त्यांच्यावर अंडी चिकटवते, अळी दाण्यात शिरते, आणि मळणी होऊन पोतं घरात येईपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही. महिन्याभरानं दाण्याला गोल खिडकी पडते, पोत्याच्या तोंडाशी तपकिरी भुंगे फिरू लागतात. हे भुंगे स्वतः दाणा खात नाहीत, खाते ती अळी. पण एकेक मादी पुन्हा पन्नास-शंभर अंडी घालते, आणि पुढच्या मृगासाठी राखून ठेवलेलं बियाणं पोकळ होऊन जातं.

यावर उपाय म्हणून सध्या सुगंधी तेलांचं नाव बरंच ऐकू येतं. ओवा, लवंग, निलगिरी, गवती चहा, पुदिना यांचे अर्क. काही जण हा अगदी ताजा शोध म्हणून सांगतात. काही जण म्हणतात, यात नवीन काय, आपल्या आज्या हेच करत होत्या. दोन्ही म्हणण्यांत थोडं थोडं तथ्य आहे, पण मधली गोष्ट कुणी सांगत नाही. ती गोष्ट वासापेक्षा भांड्याची जास्त आहे, असं मला वाटतं.

आधी तेलांतला फरक. आमच्याकडे मराठवाड्यात तुरीला, डाळीला एरंडेल चोळतात. एरंडेल उडत नाही. दाण्यावर पातळ थर धरून बसतं. भुंग्याचं अंडं दाण्याच्या बाहेर चिकटलेलं असतं, त्यामुळे या थराखाली ते गुदमरतं. किलोला पाच मिलिलिटरच्या आसपास तेल नीट चोळलं तर कडधान्यात त्याचा उपयोग होतो, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. ज्वारीचा सोंड्या मात्र वेगळा. त्याची मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत अंडं ठेवते आणि वरून भोक बुजवून टाकते. तिथे चोळलेलं तेल पोचणार कसं? तिथे दाण्याच्या फटीफटीतून शिरणारी वाफच लागते. ओवा, लवंग, गवती चहा यांची तेलं या दुसऱ्या जातीची, म्हणजे उघडी ठेवली की हवेत मिसळणारी. शास्त्रात त्यांना बाष्पनशील तेलं म्हणतात. एरंडेल आणि ओव्याचं तेल दोन्ही ‘तेल’च म्हणवतात, म्हणून बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. कामं मात्र निराळी आहेत.

इथलं साठवणीचं खरं धान्य ज्वारी, त्यातही रब्बीचा शाळू. मालदांडी वाणाचा टणक, मोत्यासारखा दाणा वर्षभर, कधी दोन वर्षंही ठेवायचा असायचा, कारण इथला पाऊस भरवशाचा कधीच नव्हता. त्यासाठी पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार. पेव गावच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या पांढऱ्या मातीत खणायचे. काळ्या रानात खणून उपयोग नसे. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पेवाचं तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. तळाला आणि कडेला कडबा, भुसकट, मग दाताखाली कट्ट वाजेल इतकी वाळवलेली ज्वारी, तोंडावर फरशी आणि वरून माती लिंपलेली. आत दाणाही श्वास घेतो, किडेही घेतात. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि कीड गुदमरून मरते.

म्हणूनच पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरायचं नाही, असा दंडक होता. तोंड मोकळं करून वाट पाहायची, मग दोरीनं कंदील सोडायचा. ज्योत विझली तर अजून थांबायचं. हा दंडक मोडल्यानं माणसं दगावली आहेत. पेवातल्या ज्वारीला एक उग्र वास यायचा, वरचा-कडेचा थर काळवंडायचा, पण मधली रास टिकायची. कोणतंही औषध न घालता.

ज्यांची रास एवढी मोठी नव्हती त्यांच्याकडे कणगी. निरगुडीच्या फोकांची किंवा तुराट्यांची विणायची, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपायची. निरगुडी ओढ्याकाठी फुकट उगवते, तिला जनावर तोंड लावत नाही, आणि तिच्या पानाला तो ओळखीचा कडवट वास असतो. तो वास म्हणजेच तिचं बाष्पनशील तेल. दाण्याच्या थरांमध्ये कडुलिंबाचा किंवा निरगुडीचा पाला, कुठे बिब्बे, वर चुलीची चाळलेली राख, आणि मग तोंड लिंपून टाकायचं. राखेचं काम साधं आहे: दाण्यांमधल्या जागा भरून किड्यांची वाट अडवायची आणि त्यांच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडायचा, मग कीड सुकून मरते. पाल्याचा वास किती उपयोगी पडत होता हे मात्र कणगी किती घट्ट लिंपली आहे यावर ठरत असे. जुन्या उपायांची आठवण काढताना पाला सगळ्यांना आठवतो, तोंड लिंपणं फार थोड्यांना. खरी कारागिरी त्या लिंपण्यात होती.

हे सगळं एका पिढीत बदललं. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं आणि खरिपात ‘हायब्रीड’ पसरली. उतारा वाढला, पण दाणा मऊ, आणि ऐन काढणीत पाऊस आला की काळा पडणारा. असा ओलसर, मऊ दाणा पेवात टिकत नाही. सोंड्यांना तर तो मेजवानीच. मग आला १९७२ चा दुष्काळ. पेवं रिकामी झाली, माणसं खडी फोडायला गेली, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. ज्या घरांत पेव भरण्याइतकी रासच उरली नाही, त्या घरांत पेवाची निगाही संपली. खड्डे बुजवले गेले, वर ओसऱ्या बांधल्या गेल्या. धान्य पोत्यात आलं. तागाचं पोतं चहूबाजूंनी उघडं असतं. त्यात घातलेल्या पाल्याचा वास दोन-चार दिवसांत घरभर होतो आणि संपतो.

पोत्याबरोबर औषधं आली. देशात धान्य साठवणुकीच्या अभ्यासासाठी उत्तर प्रदेशात हापूर येथे १९५८ मध्ये केंद्र सुरू झालं होतं. पुढे ‘धान्य वाचवा’ मोहिमेतून पत्र्याच्या कोठ्या, मातीच्या भिंतीत प्लास्टिक घातलेली पुसा कोठी आणि विषारी वायूची धुरी देण्याची पद्धत गावोगाव पोचली. यातल्या कोठ्या फार मोलाच्या होत्या. त्यांच्याबरोबर बीएचसी या कीटकनाशकाची पावडर, ईडीबी या धुरीच्या औषधाच्या काचेच्या कुप्या आणि अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्याही घरात शिरल्या. गोळी हवेतल्या ओलाव्यानं विरघळत जाते आणि फॉस्फिन वायू सुटतो. हवाबंद जागेत पाच-सात दिवस तो टिकला तर दाण्यातली अळीसुद्धा मरते. पण लोकांनी गोळ्या टाकल्या त्या उघड्या पोत्यात, माणसं झोपतात त्या खोलीत. या गोळ्यांनी किती जीव घेतले, चुकून आणि जाणूनबुजून, हे मराठवाड्यात कुणाला वेगळं सांगायला नको. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. ईडीबीवर २००१ च्या जुलैत आली, आणि त्याच वेळी फॉस्फाइडच्या दहा-वीस गोळ्यांच्या नळ्यांवरही. गोळी सामान्य माणसाच्या हाती पडू नये असा नियम झाला. पाळला किती जातो, तो वेगळा विषय.

उघड्या पोत्यात गोळी टाकण्यातला दुसरा तोटा सावकाश दिसला. वायू अर्धवट मिळाला की अर्धवट कीड वाचते, आणि वाचलेल्यांची पिल्लं अधिक चिवट निघतात. १९७२-७३ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेनं ८२ देशांतून धान्यकिडी गोळा करून तपासल्या, तेव्हाच दहा टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत फॉस्फिनला प्रतिकार दिसला होता. इथे दुष्काळ होता त्याच काळातली ही गोष्ट, आणि परभणीचं कृषी विद्यापीठही त्याच वर्षी, १८ मे १९७२ ला सुरू झालं. पुढे प्रतिकार वाढतच गेला. गोदामांतला दुसरा मोठा वायू मिथाइल ब्रोमाइड. तो ओझोनचा थर विरळ करतो म्हणून १९९२ मध्ये माँट्रियल कराराच्या यादीत आला. क्वारंटाइन आणि निर्यातीपूर्वीच्या धुरीसारखे अपवाद सोडून श्रीमंत देशांनी तो २००५ पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनी २०१५ पर्यंत थांबवायचा ठरला. एक वायू बंद होणार, दुसऱ्याला कीड सरावणार. जगभरचे शास्त्रज्ञ वनस्पतींच्या वाफेकडे वळले त्यामागे हा धाक होता.

त्याआधी कडुलिंबाची फेरी होऊन गेली होती. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत निंबोळीच्या अर्काला टोळ तोंड लावत नाहीत हे दाखवलं गेलं. १९६५ मध्ये तिथेच गव्हाच्या बियाण्यात निंबोळीची पूड मिसळून पाहिली. १९६८ मध्ये त्यातलं कीड रोखणारं मुख्य द्रव्य अ‍ॅझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं. निंबाच्या तेलावरचं युरोपातलं पेटंट २००५ मध्ये कायमचं रद्द झालं, ती लढाई वर्तमानपत्रांतून सगळ्यांना कळली. पण अ‍ॅझाडिरॅक्टिन उडत नाही. त्याची ताकद कडूपणात आहे आणि ती पानापेक्षा निंबोळीत जास्त. पोत्यात चार डहाळ्या टाकल्यानं सगळी ज्वारी राखली जाते, हा समज मलाही लहानपणापासून प्रिय आहे, पण तो खरा नाही. जिथे पान दाण्याला लागतं तिथवरच त्याचं चालतं.

उडणाऱ्या तेलांची गोष्ट वेगळी चालली होती. अर्क काढण्याची विद्या आपल्या शेजारीच होती. खानदेशात एकोणिसाव्या शतकात तिखाडी गवताच्या भट्ट्या ओढ्याकाठी लागत. ते रोशा तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे थेट इस्तंबूलपर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. पहिल्या महायुद्धाआधी आपला ओवा जर्मनीला जायचा, त्यातलं वासाचं द्रव्य थायमॉल काढण्यासाठी. अत्तराला, औषधाला तेल गेलं. कणगीपर्यंत कुणी आणलं नाही.

१९७७ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेनं वेखंडाच्या तेलातलं बीटा-असारोन किड्यांच्या माद्यांना वांझ करतं, असा शोध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केला. बाळाच्या डोक्याला लावायचं ते आपलं वेखंड! आनंद व्हावा अशीच बातमी. पण बीटा-असारोननं उंदरांना कर्करोग होतो म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्येच वेखंड खाद्यपदार्थांतून बाद केलं होतं, आणि भारतीय वेखंडाच्या तेलात त्याचंच प्रमाण सर्वांत जास्त. वनस्पतीचं आहे म्हणून निर्धोक आहे असं मानणाऱ्यांनी वेखंडाची ही गोष्ट लक्षात ठेवावी. खायच्या धान्यात वेखंडाचं तेल घालू नये.

१९९१ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी अनेक सुगंधी तेलांची वाफ चार मुख्य धान्यकिडींवर तपासली, आणि तिथून अशा अभ्यासांचा पूर आला. ही तेलं किड्याच्या मज्जासंस्थेतल्या ऑक्टोपामिन या रसायनाच्या कामात अडथळा आणतात, हे २००१ च्या सुमारास पुढे आलं. माणसाच्या शरीरात ऑक्टोपामिनची भूमिका नगण्य, म्हणून ती तुलनेनं सौम्य. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात तर साठवलेल्या धान्यातल्या बुरशीवर आणि तिच्या विषावर या तेलांचं काम कित्येक वर्षं चालू आहे.

मग बाजारात ती का दिसत नाहीत? रिकाम्या काचेच्या बाटलीत दोन थेंबांनी भुंगे मरतात. तीच बाटली गव्हानं भरली की थेंब कितीतरी पट लागतात, कारण दाणा वाफ शोषून घेतो. फॉस्फिनचा रेणू लहान, तो राशीच्या तळापर्यंत जातो. ओव्यातलं थायमॉल, रोशा तेलातलं जिरॅनिऑल जड. वरच्याच थरात अडकतात, आणि पिठाला वास राहतो तो वेगळाच. शिवाय तेल कीटकनाशक म्हणून विकायचं तर १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी हवी, त्याचा खर्च छोट्या उद्योगाला झेपत नाही. अमेरिकेनं लवंग, पुदिना, रोझमेरी अशी काही तेलं १९९६ मध्ये नोंदणीतून वगळली. आता तेल सूक्ष्म कुप्यांत कोंडून सावकाश सोडण्याचे प्रयोग चालू आहेत, म्हणजे वाफ धरून ठेवण्याचे. इस्रायलमधल्याच पुढच्या प्रयोगांत तेलाबरोबर कार्बन डायऑक्साइड सोडला तेव्हा परिणाम वाढला. पेवात तो आपोआप साचत होता.

मला आशा वाटते ती वसमत-हिंगोलीच्या हळदीच्या पट्ट्यात. २००२ मध्ये लखनौच्या सुगंधी वनस्पती संस्थेनं हळदीच्या पानांचं तेल सोंडे, तांबडा भुंगेरा आणि दाणा पोखरणारा भुंगेरा यांच्यावर तपासलं आणि ते उपयोगी ठरलं. हे तेल गड्ड्याचं नाही, पानाचं. आपल्याकडे काढणीआधी पाला कापून बांधावर टाकतात किंवा पेटवून देतात, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याच आठवड्यांत खळ्यावर हरभरा आणि शाळू येतो. पाला कडक वाळायच्या आत कापावा लागेल, नाहीतर तेल शेतातच उडून जातं. बियाण्याच्या तुरीपासून, हरभऱ्यापासून सुरुवात करावी. तिथे वासाची अडचण नाही, उगवण तेवढी तपासून घ्यावी लागेल. भट्टी गावात एक असली तरी पुरेल. पत्र्याच्या कोठीच्या झाकणाला रबराची कड मात्र घरोघरी बसवावी लागेल.