केसरबाईंची भैरवी अंतराळात घुमत नाही

‘शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचा आवाज आजही अंतराळात घुमतोय’ हे वाक्य कितीतरी वर्षं फिरतंय. ते खरं नाही.

१९७७ साली निघालेल्या नासाच्या दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक ध्वनिमुद्रित तबकडी आहे. गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी तिच्यात आहे, ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. एवढा अभिमान पुरेसा आहे. पण तबकडी वाजत नाही. ती ॲल्युमिनियमच्या वेष्टनात बंद आहे, आणि निर्वात पोकळीत ध्वनी जातच नाही. यानाकडून रेडिओलहरींवर येते ती शास्त्रीय माहिती. त्यात गाणं नसतं.

ही खरं तर कालकुपी आहे. सोबत तबकडी वाजवायची सुई ठेवलीय, ती कशी वापरायची याच्या आकृत्या वेष्टनावर कोरल्यात. वेष्टनावर युरेनियमचा थरही आहे: त्याचा किती क्षय झाला यावरून सापडणाऱ्याला तबकडीचं वय काढता येईल. केवढा दूरचा विचार! भैरवी ऐकायला कुणीतरी आधी ती तबकडी हाती घ्यायला हवी. व्हॉयेजर १ दुसऱ्या ताऱ्याच्या आसपास पोहोचेल तेच सुमारे ४०,००० वर्षांनी, आणि तेव्हाही अंतर दीड प्रकाशवर्षाहून जास्त असेल.